स्टॉपरला कशाची भीती वाटते, ते जॅक चार्ल्टनला ठाऊक होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एकोणतीस वर्षांचे आहात, दहा-अकरा वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू म्हणून खेळताय, गुडघा त्रास द्यायला लागलाय आणि कोचिंगकडे वळायचं मनात आहे. कुणीतरी तुम्हाला ऐकवलं की बचावात आयुष्य काढलेला माणूस फार तर गोल वाचवायला शिकवेल, टीम बांधणं त्याचं काम नाही. तुम्ही १९६६चा विश्वविजेता इंग्लिश स्टॉपर आणि पुढे आयर्लंडचा मॅनेजर झालेल्या जॅक चार्ल्टनचं नाव घेतलंत, तर उत्तर आलं की त्याचा फुटबॉल म्हणजे बॉल उचलून पुढे भिरकावणं, बाकी सगळं नशीब. त्याच्या कारकिर्दीतून आपण काय घ्यावं आणि खेळणं आत्ताच थांबवावं का, हे तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं स्टॉपर खेळलो आणि गेली बावीस वर्षं मुलांना शिकवतोय. चार्ल्टनच्या आयर्लंडच्या मॅचेस मी इतक्या वेळा पाहिल्यात की काही गोल सेकंदासकट पाठ आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट मांडू. बचावपटू चांगला मॅनेजर होतो की नाही, याला सरसकट उत्तर नाही. काही झाले, काही नाही झाले, आघाडीवीरांचंही तेच. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षांत जे तुमच्या अंगात मुरलंय, ते पंधरा वर्षांच्या पोराला समजेल अशा शब्दांत तुम्हाला सांगता येतं का? चार्ल्टन मोठा ठरला तो या जागी.

त्याची सुरुवात बघा. जन्म ८ मे १९३५चा, इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थम्बरलँडमधलं ॲशिंग्टन हे कोळसाखाणींचं गाव. आई सिसी ही मिलबर्न घराण्यातली. तिचे भाऊ व्यावसायिक फुटबॉलर आणि न्यूकॅसलचा लाडका जॅकी मिलबर्न तिचा चुलतभाऊ. म्हणजे फुटबॉल घरातच होता, पण तो उतरला धाकटा भाऊ बॉबीच्या पायात. जॅक उंच, लांब मानेचा, हडकुळा. शाळा सुटल्यावर तो खाणीत उतरला, आतलं काम बघितलं आणि नोकरी सोडली. लीड्स युनायटेडने त्याला घेतलं ते ग्राउंड स्टाफवर; मैदानातलं तण उपटणं हेसुद्धा त्याचं काम होतं. पहिल्या संघात तो १९५३ साली आला. त्यानंतर २० वर्षं तो एकाच क्लबसाठी ७७३ सामने खेळला. लीड्सचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

आकडा मोठा आहे, पण मला त्यातली मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. पन्नासच्या दशकाच्या शेवटी लीड्सची अवस्था वाईट होती आणि १९६० साली तो क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. जॅक भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता. १९६१ साली संघाची सूत्रं हाती घेणाऱ्या डॉन रेव्हीचं त्याच्याबद्दलचं मत काही चांगलं नव्हतं. त्याच काळात हा गडी लिलेशॉलच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन कोचिंगचे कोर्स करत होता आणि लीड्सच्या आसपासच्या शाळांत मुलांना शिकवत होता. तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. निवृत्ती अजून बारा-तेरा वर्षं लांब होती.

त्याचं फळ लगेच दिसलं. १९६२च्या सप्टेंबरात स्वान्झीला रेव्हीने नॉर्मन हंटर, पॉल रीनी अशी कोवळी पोरं उतरवली. बचावाचा ताबा जॅकने घेतला. प्रत्येकाने आपापल्या माणसामागे धावायचं, ही जुनी पद्धत बाजूला ठेवून त्याने पोरांना आपापली जागा राखायला लावलं. रेव्हीला ते पटलं आणि त्या दिवसापासून लीड्सचा बचाव जॅकच्या तोंडाने चालू लागला. पुढे १९६४ साली बढती, १९६८ साली लीग कप, १९६९ साली लीग, १९७२ साली एफए कप, शिवाय फेअर्स कप ही युरोपीय क्लबांची स्पर्धा दोनदा. मॅनेजर म्हणून त्याची कारकीर्द मी त्या स्वान्झीच्या दुपारपासून मोजतो. कागदावर ती १९७३ साली सुरू होते.

इंग्लंडकडून तो पहिल्यांदा खेळला तो एप्रिल १९६५ मध्ये, तिशीला महिनाभर राहिला असताना. धाकटा बॉबी त्याच्या सात वर्षं आधी इंग्लंडकडून खेळला होता. इंग्लंडचा मॅनेजर आल्फ रॅम्सीला कॅप्टन बॉबी मूरच्या शेजारी असा स्टॉपर हवा होता, जो मूर बॉल घेऊन पुढे गेला की मागे उभा राहील. ३० जुलै १९६६ रोजी हे दोघे भाऊ विश्वविजेते झाले. पण उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध गोललाइनजवळ हाताने बॉल अडवून पेनल्टी दिली ती जॅकनेच. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिला गोल. अंतिम सामन्यात ८९व्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी साधली, ती ज्या फ्री किकवरून, तीसुद्धा जॅकविरुद्धच दिलेली. स्टॉपरचं आयुष्य असंच असतं. नव्वद मिनिटं बरोबर खेळा, लोकांच्या लक्षात एक क्षण राहतो. ज्याला हे स्वतःच्या अंगावर घेऊन जगावं लागलंय, तो मॅनेजर झाल्यावर समोरच्या स्टॉपरचा तो एक क्षण कसा आणायचा याचाच विचार करतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही स्टॉपर आहात, म्हणून तुम्हाला तो एका वाक्यात कळेल, पण मी मुद्दाम उलगडून सांगतो. बॉल समोरून येतोय तोवर स्टॉपर राजा असतो. सगळं मैदान डोळ्यांपुढे असतं, दोन पावलं पुढे टाकून हेड मारायचा, काम झालं. बॉल डोक्यावरून मागे पडला की सगळं उलटतं. तुम्ही वळता, पाठ मैदानाकडे जाते, तोंड आपल्याच गोलकडे. फॉरवर्डच्या बुटांचा आवाज मागून ऐकू येतो पण तो दिसत नाही. गोली कुठे आहे हे अर्ध्या नजरेने बघायचं आणि बॉल पायाखाली यायच्या आत ठरवायचं: बाहेर मारू, गोलीला देऊ, की वळू? जगातला उत्तम बॅकसुद्धा (म्हणजे बचावपटू) त्या दीड सेकंदात साधा माणूस होतो. चार्ल्टनने वीस वर्षं ते दीड सेकंद भोगले होते. मॅनेजर म्हणून त्याने एकच गोष्ट पुनःपुन्हा केली: समोरच्या बॅकला नव्वद मिनिटांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा वळायला लावलं.

१९७३ साली तो दुसऱ्या डिव्हिजनमधल्या मिडल्सब्रोला गेला. आपल्या कामात संचालकांनी हात घालायचा नाही, हे त्याने आधीच वदवून घेतलं. पहिल्याच सीझनला मिडल्सब्रोने डिव्हिजन जिंकली, दुसऱ्या क्रमांकापेक्षा १५ गुण जास्त मिळवून. आणि तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत, हे ध्यानात घ्या. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक बचाव एका रेषेत पुढे सरकून ऑफसाईडचा सापळा लावायचे, म्हणजे समोरचा फॉरवर्ड रेषेच्या मागे अडकून नियमबाह्य ठरावा. चार्ल्टनला तो सापळा आतून माहीत होता. सापळा लावणारी ओळ पुढे येत असते तेव्हा तिचा सगळा तोल पुढे असतो. म्हणून त्याने ॲलन फॉगनला मागून, धावत, रेषेच्या आरपार सोडलं. फॉगन काही मोठा कलाकार नव्हता, पण पळायला तुफान होता. त्याच संघात सेल्टिकहून फुकटात आणलेला बॉबी मरडॉक होता, बॉल कुठे टाकायचा हे जाणणारा. आणि तरुण ग्रेम सूनेस होता, ज्याला चार्ल्टनने मिडफिल्डच्या मधोमध उभं केलं. म्हणजे ‘नुसतं भिरकावणं’ हे पहिल्या संघापासूनच खोटं होतं.

मधली वर्षं भरभर सांगतो. १९७७ साली त्याने इंग्लंडच्या मॅनेजरपदासाठी अर्ज केला. साधं उत्तरही आलं नाही. त्याच वर्षी तो शेफील्ड वेन्सडेला गेला, तेव्हा तो क्लब तिसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी होता. १९८० साली बढती मिळाली, १९८३ साली एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली. न्यूकॅसल मात्र जमलं नाही. एक सीझन झाला आणि १९८५च्या ऑगस्टमध्ये सरावाच्या सामन्यात प्रेक्षक विरोधात ओरडू लागले, तेव्हा त्याने राजीनामा दिला. आईच्या माहेरच्या क्लबात असं व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं.

१९८६ साली आयर्लंड. या देशाने तोवर एकही मोठी स्पर्धा गाठली नव्हती. चार्ल्टनच्या हाताखाली युरो ८८ (युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा), विश्वचषक १९९० आणि विश्वचषक १९९४ अशा तीन गाठल्या. ‘नशीब’ म्हणणाऱ्यांना मी आयर्लंडचे चार गोल बघायला सांगतो. तुम्हीही बघा, पण आयर्लंडच्या खेळाडूंकडे न बघता समोरच्या बॅककडे बघा.

पहिला, १२ जून १९८८, श्टुटगार्ट, समोर इंग्लंड. लांब फ्री किक येते, बॉल बॉक्समध्ये पडतो. केनी सॅन्सम हा अनुभवी लेफ्ट बॅक घाईत पाय मारतो आणि बॉल उभा वर उडतो. जॉन ऑल्ड्रिज डोक्याने बाजूला देतो, रे हाउटन हेडने गोल करतो. १-०, आणि तोच अंतिम स्कोअर.

दुसरा, ११ जून १९९०, कालियारी, पुन्हा इंग्लंड. गोली पॅकी बॉनरची लांब किक, इंग्लंडच्या स्टीव्ह मक्मॅहनच्या पायातून बॉल निसटतो, केविन शीडी डाव्या पायाने कोपऱ्यात मारतो. १-१.

तिसरा माझा सगळ्यात आवडता. २१ जून १९९०, पालेर्मो, समोर युरोपचा विजेता नेदरलँड्स. पुन्हा बॉनरची लांब किक. बॉल बचावाच्या डोक्यावरून मागे पडतो आणि डच बॅक फान आर्ले वळून आपल्याच गोलीला बॅकपास देतो. मागून आयर्लंडची माणसं येताहेत हे त्याला दिसत नाही, पण जाणवतंय. म्हणूनच पास जितका हलका हवा तितका होत नाही. गोली फान ब्रोकेलेनच्या हातातून बॉल सुटतो आणि नायल क्विन पाय लांबवून, जवळजवळ झोपून, आत ढकलतो.

चौथा, १८ जून १९९४, जायंट्स स्टेडियम, समोर इटली. अकरावं मिनिट, लांब बॉल. फ्रँको बारेसी, त्या पिढीतला कदाचित जगातला सर्वोत्तम बचावपटू, हेड मारतो पण तो अपुरा पडतो. हाउटन छातीवर घेतो, आणि इटलीचा गोली पालिउका पुढे सरकलाय हे बघून वरून टाकतो. १-०.

चार गोल, सहा वर्षं, तीन वेगळे प्रतिस्पर्धी आणि चारही वेळा उत्तम खेळाडूला आयर्लंडने अडचणीच्या कोनात बॉल खेळायला लावला. एकदा होतं त्याला नशीब म्हणा. चार वेळा झालं तर तो सराव असतो.

त्यात हिशोबही होता. राष्ट्रीय संघाच्या मॅनेजरला खेळाडू मिळतात वर्षातून मोजके दिवस. नाजूक, गुंतागुंतीचा खेळ बसवायला क्लबला महिने लागतात. आयर्लंडकडे मॅचआधी दोन-तीन सराव असायचे. चार्ल्टनने असा खेळ निवडला जो तीन दिवसांत पुन्हा आठवतो: बॉल त्यांच्या फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मागे कोपऱ्यात टाका, फॉरवर्डने पाठलाग करा आणि बाकी सगळ्यांनी पुढे सरका. शेवटचा भाग लोक विसरतात. बॉल हवेत असतानाच आयर्लंडची मिडफिल्ड वीस-पंचवीस पावलं पुढे यायची, म्हणून सुटलेला बॉल त्यांनाच मिळायचा.

हे विसरलं की काय होतं ते मी अनुभवलंय. कोचिंगच्या चौथ्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलांना मी हाच खेळ शिकवायला घेतला. बॅकना सांगितलं, बॉल कोपऱ्यात टाका. फॉरवर्डला सांगितलं, पळ. पहिल्या तीन मॅच आम्ही हरलो. तिसऱ्या मॅचला मी टचलाइनवर न थांबता आमच्या गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसलं: आमचा फॉरवर्ड एकटा त्यांच्या कोपऱ्यात आणि आमची मिडफिल्ड त्याच्यापासून चाळीस पावलं मागे, कमरेवर हात ठेवून बघत उभी. मधे सगळी मोकळी जमीन. समोरचा बॅक चुकायचा, पण त्या चुकेवर झडप घालायला कुणी नसायचं. पुढचे तीन आठवडे मी बॉल कसा टाकायचा हे शिकवणं बंद केलं. सराव एकच: गोलीने किक मारली की तो हवेत असेपर्यंत दहाजणांनी मैदानावर आखलेल्या चुन्याच्या रेषेपर्यंत पोचायचं. बॉल पडायच्या आत जो रेषेला नसेल त्याच्यासाठी सगळ्यांनी पुन्हा. मग मॅच बदलायला लागल्या. मुलांच्या पायात आधी जे होतं तेच होतं, फक्त ती योग्य जागी उभी होती.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर अर्धं राहील. चार्ल्टनच्या बहुतेक काळात गोली बॅकपास हातात घेऊ शकत होता. १९९२ साली तो नियम बदलला. आज दबावाखालच्या बॅकला ती पळवाट नाही, म्हणजे त्याला वळायला लावणं आणखी फायद्याचं. पण त्याच नियमामुळे गोली आणि बॅक पायाने खेळायला शिकले. समोरचा गोली पायाचा पक्का असेल तर तुमचा लांब बॉल त्याला भेट दिल्यासारखा जातो. पावसाने जड झालेल्या मैदानावर बॉल कोपऱ्यात थांबतो. टर्फवर तो उडी घेऊन बाहेर जातो. उन्हाचंही तसंच. १९९४ साली ऑरलँडोच्या दुपारी मेक्सिकोविरुद्ध आयर्लंडचे पाय गळाले, दोन गोल झाले, आणि बदली खेळाडू ऑल्ड्रिजला आत सोडायला उशीर होतोय म्हणून चार्ल्टन अधिकाऱ्यांवर भडकला. त्याला दंड झाला, पुढच्या मॅचला टचलाइनवर बंदी आली. पण ऑल्ड्रिजने आत आल्यावर हेडने एक गोल केला. त्या गटात चारही संघांचे गुण सारखे झाले. तो गोल नसता तर आयर्लंड तळाला राहून बाहेर गेला असता.

त्याच्या पद्धतीची किंमतही कुणीतरी मोजली. लिअम ब्रेडी हा आयर्लंडचा सर्वांत देखणा मिडफिल्डर; त्याला बॉल पायाशी ठेवून विचार करायची सवय होती आणि चार्ल्टनच्या खेळात तेवढा वेळच नव्हता. १९८९ साली पश्चिम जर्मनीविरुद्ध डब्लिनमध्ये हाफटाइमच्या आधीच त्याला बाहेर काढलं आणि ब्रेडीने आंतरराष्ट्रीय खेळ सोडला. मला ते आजही चुकीचं वाटतं. माणूस बदलायचा असेल तर हाफटाइमला, ड्रेसिंग रूममध्ये बदला. डेव्हिड ओलिअरीसारख्या शांत, वाचून खेळणाऱ्या बॅकलाही त्याने दोन वर्षांहून जास्त बाहेर ठेवलं. तोच ओलिअरी १९९० साली जेनोव्हाला रुमानियाविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून आयर्लंडला उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेला, हेही लिहून ठेवा. बॉनरने त्याच्या आधीची पेनल्टी अडवली होती. त्या विश्वचषकात आयर्लंडने खेळाच्या वेळेत एकही सामना जिंकला नाही आणि पाच सामन्यांत दोनच गोल केले, तरी शेवटच्या आठांत गेले. तिथे यजमान इटलीकडून ०-१.

आणि पॉल मग्रा. हा तर जातिवंत स्टॉपर, गुडघे दुखरे, सराव जेमतेम. चार्ल्टनने बऱ्याच सामन्यांत त्याला मिडफिल्डमध्ये बचावापुढे उभं केलं, कारण सुटलेला बॉल कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. १९९४ साली इटलीविरुद्ध मात्र तो स्टॉपर खेळला. त्या दिवशी त्याने इटलीचा स्टार फॉरवर्ड रॉबेर्तो बाज्जोला जसं बांधून ठेवलं ते बघण्यासाठी तुमची एक संध्याकाळ बाजूला काढा. कुठला खेळाडू किती पळतो यापेक्षा तो काय आधी बघतो, यावर जागा ठरवणं, ही स्टॉपरची नजर. ती तुमच्याकडे आहे.

चार्ल्टनचा शेवट डिसेंबर १९९५ मध्ये झाला. ॲनफिल्डला नेदरलँड्सकडून ०-२ हरल्यावर आयर्लंडची युरोची संधी गेली आणि तो बाजूला झाला. खेळ तोवर बदलला होता. तरुण डच पोरं दबावाखाली घाबरत नव्हती. पुढच्या वर्षी आयर्लंडने या इंग्रजाला मानद नागरिकत्व दिलं. १० जुलै २०२० रोजी तो गेला, तेव्हा दुःख दोन्ही देशांत झालं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. गुडघ्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते डॉक्टरला दाखवा आणि तो सांगेल ते ऐका. डॉक्टर खेळू देत असेल तर हा सीझन खेळा, पण खेळत असतानाच शिकवायला लागा. डी लायसन्सच्या, म्हणजे कोचिंगच्या सुरुवातीच्या पातळीच्या परवान्याच्या कोर्सला नाव घाला. जवळच्या शाळेत किंवा क्लबात तेरा वर्षांखालची मुलं आठवड्यातून दोन संध्याकाळ घ्या, पैशाचं नंतर बघा. खेळाडू म्हणून तुमची दुखणी ताजी आहेत तोवरच ती शब्दांत उतरतात. पाच वर्षांनी तुम्ही मैदानाबाहेरून बघायला लागाल आणि ते दीड सेकंद विसराल.

एक वही ठेवा. प्रत्येक मॅचनंतर त्याच रात्री लिहा: आज मी किती वेळा आपल्या गोलकडे तोंड करून बॉल खेळलो, प्रत्येक वेळी बॉल कुठून आला आणि तेव्हा आमचा दुसरा स्टॉपर कुठे होता. दहा मॅचनंतर त्या वहीतून तुमच्या पहिल्या महिन्याचा सराव तयार होईल. काही अडलं तर वहीतलं एक पान इथेच टाका, मी वाचून उत्तर देईन.